परसातले कोनफळ

खारघर गावठाणात आमचे जुने घर होते. शेते १९७० नंतर नवी मुंबईच्या संपादनात गेली; आजीच्या हाती उरला तो परस. त्याच्या कुंपणावर कोनफळाचा वेल चढे. पौषात कंद निघाला की देठाकडचा वीतभर तुकडा आजी राखेत घोळवून माळ्यावर ठेवी. ज्येष्ठात तोच पुन्हा मातीत. हे बेणे तिने लग्नानंतर माहेराहून आणले होते.

२०१९ साली परसाच्या जागी इमारत बांधायचे घरात ठरले. त्या थंडीत आम्ही पोरांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, रताळी, वर भांबुर्ड्याचा पाला. आता लावायचे कुठे, म्हणून माळ्यावरचा तुकडाही मडक्यात टाकला. छान लागला. आजी काही बोलली नाही.

यंदा डोंगरावरच्या पाड्यातून आलेल्या एका बाईंकडून मी जांभळे कोनफळ घेतले. आजीने कापून पाहिले. "बरं हाय, पन आपलं नाय." मला हसू आले. जांभळे ते जांभळे!

वनस्पतिशास्त्राच्या एका सरांना हे गमतीने सांगितले आणि हसू मावळले. कोनफळाचे नर आणि मादी वेल निराळे, बी क्वचितच धरते. म्हणून कंदाचा तुकडाच लावतात. त्यातून उगवतो तो नवा वेल नव्हेच, तोच जुना. म्हणजे आजीच्या माहेरचा वेल ६० वर्षे आमच्या परसात जगत होता, आणि आम्ही तो भाजून खाल्ला.

वाणांची मोजदाद रंगावरून होत नाही, असेही सर म्हणाले. एकाच नावाखाली दोन-तीन वाण दडलेले असतात, तर दोन गावांतली दोन नावे एकाच वाणाची निघतात. त्यासाठी पानातल्या डीएनएच्या खुणा ताडून पाहतात. गुणसूत्रेसुद्धा कुणात ४०, कुणात ६०, कुणात ८०! त्रिवेंद्रमला १९६३ पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे असे वाण जपतात.

एवढा खटाटोप कशाला? आयर्लंडचा दुष्काळ आम्ही इतिहासात शिकलो होतो. तिथल्या गरिबांचा बटाटा बहुतांशी 'लंपर' या एकाच वाणाचा, तोही तुकड्यांनीच लावलेला. १८४५ साली करपा आला. त्याला तोंड देईल असे शेतात दुसरे काही नव्हते. पुढच्या सात वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली. परीक्षेत मी हे पाच गुणांसाठी लिहिले होते.

पावसाळ्यात आम्ही दोघे आजीच्या माहेरी जाणार आहोत. कुणाच्या कुंपणावर तो वेल उरला आहे का, पाहायला. पान बघूनच ओळखीन, असे आजी म्हणते.