जगन्नाथाचे हात

पुरीच्या जगन्नाथाला पंजे नाहीत. बाहू पुढे येतात आणि बोथट संपतात. तळवा नाही, बोटं नाहीत. शेजारच्या सुभद्रेला तर बाहूही नाहीत. मग ज्याचे हातच अर्धवट, त्याच्या नावाने आपण ‘आपला हात जगन्नाथ’ का म्हणतो? पानावर बसलेलं असताना वाढणारी लांब असली की आजी म्हणायची, घे गं हाताने, आपला हात जगन्नाथ. तेव्हा त्या म्हणीत भूक होती, मोकळीक होती. आता ती ताईच्या तोंडी असते आणि मला तिचा अर्थ लागत नाही.

ताई मुलुंडला राहते. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, शेक झाला. खांदा आखडू नये म्हणून भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, रोज थोडी वर. तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी पेन्सिलच्या खुणा आहेत. त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून चिरताना, तळताना जपायचं. केमोच्या औषधाने बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजचे हुक लागेनात, निऱ्या बोटांतून निसटायच्या. केमो चालू असताना ताप 100.4 वर गेला की घरची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, कारण पांढऱ्या पेशींचे काउंट खाली आलेले असतात. हे सगळं तिने वहीत मांडलं. ताप, वजन, काउंट, तोंड कधी आलं, पोटात काय राहिलं. डॉक्टरांसमोर बसली की वही उघडून आधीच लिहिलेले प्रश्न एकेक करून विचारते. मला तिचा फार अभिमान वाटतो. आपल्या आजाराचा कारभार आपणच पाहावा, यात मला शंका नव्हती.

पण जगन्नाथ पाठ सोडेना. मूर्ती अर्ध्या का राहिल्या त्याची कथा प्रसिद्ध आहे. इंद्रद्युम्न राजा, म्हाताऱ्या सुताराच्या रूपात आलेला विश्वकर्मा, दार उघडायचं नाही ही त्याची अट. आतून आवाज येईनासा झाला, राणीला राहवेना, दार उघडलं गेलं आणि सुतार नाहीसा झाला. मी अडखळले ते पुढच्या विधीपाशी. ज्येष्ठ पौर्णिमेला देवाला 108 घागरींनी न्हाऊ घालतात आणि मग त्याला ताप येतो. पंधरवडाभर दर्शन बंद. दैतापती त्याची शुश्रूषा करतात. हे सेवक स्वतःला देवाचे नातलग मानतात. फळं देतात, दशमुळांचं औषध देतात. बरा झाल्यावरच तो रथात बसतो. आणि ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी त्याचा सगळा देहच नव्या लाकडाचा करतात. 2015 साली असं नवकलेवर झालं. जुन्या मूर्तीतलं गूढ तत्त्व नव्या मूर्तीत ठेवणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असते, हातांना कापड गुंडाळलेलं असतं, असं सांगतात. ज्याच्या हातात देव आहे त्यालाही तो दिसत नाही, त्याचा स्पर्श कळत नाही.

जगाचा नाथ आजारी पडतो आणि स्वतःचं काहीच स्वतः करत नाही. खंबीर राहा, असं त्याला कुणी सांगत नाही. ताईला मात्र सगळे सांगतात. थकव्याने वही उघडली नाही तर त्या दिवशी ती अपराधी होते. मला भीती वाटते ती याची. कारभार आपला, म्हणजे उद्या काही उलटलं तर दोषही आपलाच, असं तिच्या मनाने घेतलं असेल तर? एखादी पेशी उलटते त्यात वहीचा काय संबंध? पण वही काढून घेतली तर तिच्याकडे उरेल काय?

1952 साली न्यू यॉर्कमध्ये टेरीज लॅसर यांच्यावर अशीच शस्त्रक्रिया झाली. पुढे हाताचं काय करायचं हे कुणी नीट सांगितलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच व्यायाम शोधले. मग दोरी आणि चेंडू घेऊन त्या इतर बायकांच्या खाटांपाशी जाऊ लागल्या. मुंबईत वंदना गुप्ता यांनी 1994 साली व्ही केअर ही कर्करुग्णांसाठीची संस्था सुरू केली ती स्वतः कर्करोगातून उठल्यावर. इथे आपला हात कोणता आणि दुसऱ्याचा कोणता? आजी घे म्हणायची तेव्हा आमटी कुणीतरी शिजवलेली असायची, भांडं हाताच्या अंतरावर ठेवलेलं असायचं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावाकडून आलेली कर्करुग्णांची कुटुंबं उपचार संपेपर्यंत राहतात. तिथल्या बाईने खुणा कोणत्या भिंतीवर करायच्या? तिलाही आपण तेच सांगणार का, की स्वतःची काळजी स्वतः घ्या?

आपला हात दुसऱ्यांच्या हातांवरच चालतो असं म्हणावं, तर ताई मला खोटं ठरवते. लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठी राखीव डबा असतो. ती त्यात चढत नाही. परळला तपासणीला जाताना बायकांच्या डब्यात शिरते, दांडा चांगल्या हाताने धरून उभी राहते. राखीव जागा मागणं हेही हात पुढे करून घेणंच आहे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, आजारी म्हणून बसवलं की मी घरी येईपर्यंत आजारीच असते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं उभं राहणं हे तिचं बळ आहे की आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यावर लादलेलं ओझं, हे मला तेव्हा कळलं नाही, इतकं लिहूनही कळलेलं नाही. पुढच्या फॉलोअपला मी बरोबर जाणार आहे. कोणत्या डब्यात चढायचं ते तिला विचारेन. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. ते ऐकावं की नाही, तेवढं माहीत नाही.