कूलरसमोरची मनी

मे महिन्याची दुपार. पारा 45 च्या घरात, कूलरच्या वाळ्याचा ओला वास खोलीभर. मनी त्याच्या पुढ्यात पसरली आहे. हाक मारली तर नुसता कान हलवते. मोत्या मात्र माझी गाडी वळणावर ऐकू आली, की तापल्या फरशीवरून फाटकापर्यंत धावतो.

माया जास्त कुणाची? पूर्वी मी मोत्याचंच नाव घेतलं असतं. 2015 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलंही, की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले, तर दोघांतही ऑक्सिटोसिन वाढतं. पण आई गेली त्या रात्री मनी तिच्या रिकाम्या पलंगावरून उतरून माझ्या पोटाशी आली आणि उजाडेपर्यंत हलली नाही. ते कशात मोजू?

मोत्या गल्लीतला. 2022 च्या ऑक्टोबरात इथल्या, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं तर दत्तक घ्या. महिनाभरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण तोवर मी त्याला घरात आणलं होतं. मनी अजून त्याच्यावर फिस्कारते. पाण्याचं भांडं मात्र दोघांचं एकच.