तगरीची खाल्लेली पानं

फुलपाखरांचे फोटो काढायचे म्हटलं की लोक फुलांपाशी उभे राहतात. मी पानांपाशी बसते. फुलावर फुलपाखरू पोट भरायला येतं आणि उडून जातं. पानावर मादी अंडं घालायला येते, आणि मग तिथं महिनाभर रोज पाहण्यासारखं काही ना काही चाललेलं असतं.

पुण्यात आमच्या घरामागे मातीचा एक अरुंद पट्टा आहे. त्यात कढीपत्ता, लिंबू, तगर, पानफुटीच्या कुंड्या आणि कुंपणाशी आपोआप उगवलेली रुई. रुईवर प्लेन टायगर, लिंबावर लाइम बटरफ्लाय, कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं.

कॉमन मॉरमॉनचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. मादीचं एक रूप नरासारखंच असतं, पण आमच्याकडे जास्त येते ती लाल ठिपक्यांची. कॉमन रोज नावाच्या विषारी फुलपाखराचं रूप तिनं घेतलेलं असतं, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जायला कचरतात. अंग लाल असेल तर खरी रोज, काळं असेल तर मॉरमॉन. फोटोत अंग नीट आलं नाही तर ओळख पटवताना अडतं, म्हणून मी नेहमी एक फोटो बाजूने घेते.

अंडं घालण्याआधी ती पुढच्या पायांनी पान चाचपते. पानाची चव तिला पायांनीच कळते. खात्री पटली की पोट वाकवून एकच फिकट पिवळं अंडं चिकटवते आणि दुसऱ्या फांदीकडे जाते. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला तपकिरी-पांढरी असते. पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असंच वाटतं. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. धोका जाणवला की डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो. या फोटोसाठी अळीला काडीने डिवचणारे मी पाहिले आहेत. ते मला मुळीच पटत नाही. शेजारी शांत बसलं तर कधीतरी मुंगी अंगावर चढते आणि शिंग आपोआप दिसतं.

कोष गडद झाला आणि आतले पंखांवरचे ठिपके दिसू लागले की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी बागेत असते. कोष फाटून बाहेर येणारं फुलपाखरू चुरगळलेलं, ओलं असतं. ते उलटं लटकतं, शिरांमधून द्रव भरत जातो आणि बघता बघता पंख ताठ होतात. त्या वेळी फ्लॅश नको, फांदी हलवायलाही नको. मोबाइल आणि कोवळं ऊन पुरतं.

पानफुटीचं नवल वेगळंच. रेड पिएरोची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते. पान उजेडाकडे धरलं की पोखरलेला भाग आणि आतली काळी विष्ठा स्पष्ट दिसते. फुलपाखरू अगदी खालून, संथ उडतं. त्याच्या फोटोसाठी पोटावर झोपावं लागतं.

पतंगांकडे मात्र कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. भारतात फुलपाखरांच्या सुमारे 1,300 जाती, पतंगांच्या 10,000हून जास्त. एका पावसाळ्यात आमची तगर निष्पर्ण झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पानच उरलं नाही, आता देवाला फुलं कुठून आणायची?" मी त्यांना फांदीवरची अळी दाखवली. बोटाएवढी जाड, हिरवी, आणि मानेशी दोन निळे डोळे. ते खरे डोळे नव्हेत, शत्रूला दचकवणारे ठिपके. ऑलिएंडर हॉकमॉथची अळी ती; कण्हेरीवर आणि तगरीवर वाढते. "आई, थोडे दिवस राहू द्या," एवढंच मी म्हटलं. त्या रोज सकाळी मला आधी अळीची खबर विचारायला लागल्या. पुढे अळी तपकिरी झाली आणि कोष करायला खाली पालापाचोळ्यात उतरली. तेव्हापासून तगरीखालचा पाचोळा आम्ही झाडत नाही. तगरीला नवी पालवी आली, फुलंही आली.

पावसाळ्यात मी मागच्या दिव्यापाशी पांढरी चादर टांगते. रात्री पतंग येऊन बसतात, आणि पहाटे भिंतीवर टेकलेले असतात तेव्हा फोटो सर्वांत चांगले येतात. त्यानंतर दिवा बंद करायचा आणि चादर हलकेच झटकायची, नाहीतर बुलबुल येऊन सगळे टिपतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात, 2012 पासून. आपल्याकडे तो ऐन पावसात येतो, तेव्हा पतंग भरपूर असतात.

2015 साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. राज्य फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याची अळीसुद्धा लिंबाच्याच कुळातली पानं खाते, आणि त्याच पानांवर आपण औषध मारतो. गच्चीत एका कुंडीपुरती जागा असेल तर कढीपत्ता लावा, त्यावर फवारणी करू नका, आणि कुरतडलेलं पान दिसलं तर खुडण्याआधी उलटून पाहा.