टिपेश्वरचा रानकोंबडा आणि स्कॉटलंडची माशी

यवतमाळ जिल्हा म्हटला म्हणजे वऱ्हाडाबाहेरील वाचकांच्या मनात प्रथम उभा राहतो तो कापूस. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ गाडी विलायती कंपनीने याच कापसासाठी घातली होती. ती गाडी आता बंद पडली आहे. कापूस मात्र आहे. परंतु जिल्ह्याच्या दक्षिण अंगास उतरू लागले की काळी रानेही विरळ होतात, सागवान दाटू लागते, कानांवर मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी शब्द पडू लागतात, आणि शेवटी पैनगंगा आडवी येते. बुलढाण्याकडील अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी जिल्ह्याची दक्षिण सीमा आखीत पूर्वेस जाते व वणीच्या मुलखात वर्धेस मिळते. हा भाग प्रवाशांच्या वाटेवरचा नव्हे. आम्ही तेथे गेलो ते एका पिसाच्या शोधार्थ, असे सांगितल्यास वाचकांस हसू येईल; पण गोष्ट खरी आहे.

आमचा भाचा गेली काही वर्षे एडिंबरो येथे नोकरीनिमित्त असतो. तेथील हिवाळ्यात दुपारी चार वाजण्याच्या आतच अंधार पडतो, आणि त्या लांबलचक रात्री घालविण्यासाठी त्याने एक विलक्षण छंद लावून घेतला आहे. ट्राउट नावाचा मासा धरण्यासाठी गळावर रेशीम व पिसे गुंडाळून खोट्या माश्या बांधणे, हा तो छंद. गेल्या दिवाळीस त्याने एका पत्र्याच्या डबीतून अशा बारा माश्या आम्हांस पाठविल्या. डबी उघडताच आमच्या कुटुंबास प्रथम वाटले की विलायतेहून झुरळे आली! वडीलधाऱ्यांनी ती डबी देवघराच्या भिंतीपासून दूर ठेवण्याची आज्ञा केली, व ती आम्ही पाळली. आमचे घर मासे न खाणारे. तरीही ती कारागिरी भिंगाखाली धरून पाहिली तेव्हा घरातील सर्वांचीच मान डोलली.

या माश्यांच्या दोन जाती. एक पाण्यावर तरंगणारी. तिला कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस लागते. दुसरी पाण्याखाली बुडून चालणारी. तिला कोंबडीचे मऊ पीस हवे, कारण प्रवाहात त्या पिसाचे तंतू हलतात आणि माशास तो बुडणारा किंवा पाण्यातून वर येऊ पाहणारा कीटक भासतो. स्कॉटलंडची ख्याती या बुडत्या माशीसाठी. डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट या एडिंबरोच्या वकिलाने १८५७ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्याचे सारे तंत्र काटकसरीचे. त्याच्या काळ्या ‘कोळ्या’स तपकिरी रेशमाचे चार वेढे आणि एका पक्ष्याच्या मानेचे एक चिमुकले पीस, एवढाच ऐवज. तो पक्षी म्हणजे आपल्या साळुंकीचा भाऊबंद. पीस नाजूक, माशाच्या दातांनी तुटू नये म्हणून ते दोऱ्याबरोबर पिळून मग गुंडाळावयाचे. अधिक पिसे घातली की माशी देखणी होते, पण तिच्यातील जीव जातो, असे भाचा लिहितो. हे वाक्य आमच्या काही लेखकमित्रांस वाचून दाखवावे असे मनात आले, असो.

माश्यांची नावेही मोठी रंगतदार आहेत. ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ ही १८५४ सालची. डरहॅमच्या ग्रीनवेल नावाच्या धर्मोपदेशकाने ट्वीड नदीवर दिसलेला कीटक स्प्राउस्टन गावच्या जेम्स राइट या कारागिरापाशी नेला, व त्याने त्याबरहुकूम ती बांधून दिली. पिवळ्या रेशमास मेण चोळले की त्यास हिरवट झाक येते. त्या झाकेतच तिची सारी खुबी. ‘पीटर रॉस’ ही पर्थशायरमधील किलिन गावच्या एका दुकानदाराच्या नावची. ‘झुलू’ मात्र अगदी साधी : काळ्या लोकरीचे अंग, त्यावर रुपेरी तार, अंगभर काळे पीस आणि शेपटीस लाल लोकरीचा झुबका. आणि बाराव्या खणात होती ‘डंकेल्ड’. टे नदीकाठच्या गावाचे हे नाव. सोनेरी कलाबतूचे अंग, नारिंगी पीस, आणि दोन्ही गालांवर डोळ्यांसारखे दोन पिवळसर ठिपके. ते ठिपके रंगविलेले नव्हते. ते आपल्या हिंदुस्थानातील राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांचे होते.

हा रानकोंबडा दक्षिणेकडील द्वीपकल्पाचा रहिवासी. सह्याद्रीत तो विपुल. विदर्भाच्या सागवनांतही त्याचा वावर आहे. १८१३ साली टेमिंक या डच शास्त्रज्ञाने सोनेरा नावाच्या फ्रेंच प्रवाशावरून त्यास शास्त्रीय नाव दिले. नराच्या मानेवरील प्रत्येक पिसाच्या टोकाशी लाखेचा थेंब सांडून वाळावा तसा चकचकीत ठिपका असतो. या ठिपक्यापायी त्याच्या माना गठ्ठ्यांनी विलायतेस गेल्या. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठविण्यास बंदी केली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही थांबविली. तथापि चोरटा व्यापार मध्यंतरी चालूच राहिला. आता इंग्लंड-अमेरिकेत हे पक्षी पाळून त्यांची पिसे विकतात, आणि ती फार महाग पडतात. म्हणून भाच्याने पत्राच्या शेवटी लिहिले होते : “मामा, तुमच्या नागपुराहून टिपेश्वर काही फार लांब नाही. रानात गळून पडलेली दहा-वीस पिसे मिळाली तर माझे वर्षाचे काम होईल.”

म्हणून माघ महिन्यात आम्ही उभयता निघालो. नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता पांढरकवड्यावरून जातो. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव ‘खुनी’. नदी मात्र त्या दिवसांत इतकी गरीब दिसत होती की नाव ठेवणाऱ्याची कीव यावी. तेथून सुन्ना गावच्या फाटकाने टिपेश्वर अभयारण्यात शिरता येते. टिपाई देवीच्या नावावरून हे नाव पडले. अभयारण्य १९९७ सालचे, क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. लोक येथे येतात ते वाघासाठी. आमच्या गाडीतही आणखी चौघे होते आणि ते सर्व वाघाचेच.

सूर्य वर येण्यापूर्वी सागाची सुपाएवढी वाळकी पाने दवाने मऊ झालेली असतात. ऊन चढले की तीच पापडासारखी वाजू लागतात. त्या मधल्या वेळात डावीकडील बांबूच्या बेटातून एक तुटक आरव आला. गावठी कोंबड्याचा लांबविलेला सूर त्यात नव्हता. कोणी घाईघाईने चार अक्षरे उच्चारून गप्प बसावे तसा तो होता. आम्ही गाडी थांबविण्यास सांगितले. वाघवाल्या मंडळींनी ‘कोंबड्यासाठी?’ अशा मुद्रेने आमच्याकडे पाहिले. परंतु मार्गदर्शक तरुण समजूतदार होता. दोन-तीन मिनिटांत तो पक्षी वाटेवर आला. एक पाय उचलून क्षणभर थांबला, मान वळविली, आणि तिरप्या उन्हात ती सगळी मान ठिपक्या-ठिपक्यांनी चमकली. डबीतील दोन ठिपके म्हणजे या ऐश्वर्यातील उचललेली चिमूट. आमच्या कुटुंबाने हळूच विचारले, “एका पक्ष्याची सगळी मान घ्यावयाची तर तो जिवंत राहतो का हो?” उत्तर आम्हांस ठाऊक होते, तिलाही होते. व्यापारात येई ती सोललेली मान. जिवंत पक्ष्याची मान सोलता येत नाही.

गळलेल्या पिसांविषयी आम्ही मार्गदर्शकास विचारले. नराची मानेवरची पिसे झडतात ती वीण आटोपल्यावर, पावसाळ्यात. आणि अभयारण्यातून पडलेले पीससुद्धा उचलून नेता येत नाही, असे त्याने सांगितले. नियम जाचक वाटतो खरा. पण पिशवीतील पीस गळलेले की उपटलेले हे कोणता जकातदार ओळखणार? आम्हांस तो नियम पटला. त्याच रात्री पांढरकवड्याच्या मुक्कामी भाच्यास पत्र लिहिले : “चि. यांस अनेक आशीर्वाद. पीस मिळणार नाही, व पुन्हा मागू नये. तुझ्याच लिहिण्याप्रमाणे बुडत्या माशीस मऊ पीस लागते, आणि ते कोंबडीचे चालते. डंकेल्डचे गाल कोरे राहिले तर ट्राउटास राग येईल असे आम्हांस वाटत नाही. तो डोळा माशासाठी कमी आणि माणसासाठी अधिक असावा.” पत्र पाठवून दिल्यावर थोडी रुखरुख लागलीच. पोरगा परक्या मुलखात एकटा. मागून मागून त्याने काय मागितले, तर एक पीस!

दुसऱ्या दिवशी पाटणबोरीवरून पैनगंगेवर गेलो. तेथे ट्राउट मिळण्याचा प्रश्नच नाही. त्यास बर्फाळ पाणी हवे. १९०० साली स्कॉटलंडहून आणलेली त्याची अंडी काश्मिरात जगली, पुढे निलगिरीतही तो रुजला. पण मे महिन्यात वैशाखवणव्याने भाजणाऱ्या या मुलखात तो एक दिवस काढणार नाही. येथील मासे वेगळे आणि ते धरणारेही वेगळे. पुलाच्या खालच्या अंगास एका डोहाकाठी साठी उलटलेला एक ढीवर गळ टाकून बसला होता. पाण्यावर त्याची तरंगी उभी होती : मोरपिसाची पांढरी काडी. मोर पावसाळ्याच्या अखेरीस पिसारा टाकतो तेव्हा रानाबाहेरच्या शेतांत ही पिसे मिळतात. काडी हलकी, आतून भुसभुशीत, पाण्यास न भिणारी. आम्हांस मौज वाटली, कारण स्कॉटलंडात याच पिसाचे हिरवे तंतू गळावर गुंडाळून माशीचे अंग करितात.

आम्ही डबी त्याच्या पुढे धरली. त्याने डंकेल्डवर बोट ठेवून तत्काळ म्हटले, “हे तं रानकोंबड्याचं हाय.” बाकीच्यांकडे पाहून तो हसला. “मासोयी रंग पाहून येते काय, भाऊ? ते हालचाल पाह्यते.” स्ट्यूअर्टसाहेबाने ऐकले असते तर त्यास आलिंगनच दिले असते.

मग त्याने एक माशी उचलली व तिच्या डोक्याशी नख लावून बराच वेळ चाचपले. तो गाठ शोधीत होता. गाठ नव्हती, दोऱ्याचे टोक त्याच दोऱ्याच्या वेढ्यांखाली ओढून दडविलेले होते. काही न बोलता त्याने आपला गळ पाण्याबाहेर काढला, गांडूळ बाजूस सारले आणि आमच्या हाती दिला. गळास नाके नव्हते, चपटे टोक होते. दोरी त्याच्या दांड्यावर नऊ-दहा वेढे घेऊन स्वतःच्याच वेढ्यांखाली गुप्त झाली होती. तीच युक्ती. स्ट्यूअर्टच्या काळी स्कॉटलंडच्या गळासही नाके नसे, आणि तेथेही असेच वेढे घालीत. “बापानं शिकवलं,” तो म्हणाला. आपण कोणास शिकविले, असे आम्ही विचारले. त्याचे दोन्ही मुलगे नागपुराकडे कामास गेले आहेत. वरच्या अंगास धरणे झाल्यापासून उन्हाळ्यात नदी डोहापुरती उरते, मोठे मासे दिसत नाहीत; एका माणसाचे पोट जेमतेम भरते, दोघांचे भरत नाही. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, पाण्याची खोली सांगावी तसे सांगितले.

निघताना आम्ही त्यास डबीतील हवी ती माशी घेण्यास सांगितले. सोनेरी डंकेल्डकडे त्याने पाहिलेही नाही. काळी झुलू घेतली, टोपीच्या कडेस टोचली, आणि म्हणाला की पहिल्या पावसानंतर वाळवीची पांखरे उठतात, ती पाण्यावर पडली की मासे वर येतात. तेव्हा ही लावून पाहू.

आषाढास अजून अवकाश आहे.