गच्चीवरची तार

एकत्र कुटुंबांत प्रत्येकाला एक छंद असतो आणि त्याचा त्रास मात्र सर्वांस वांटून घ्यावा लागतो. आमच्या थोरल्या पुतण्यास हौशी बिनतारी संदेशवहनाचा, म्हणजे ज्यास हॅम रेडिओ म्हणतात त्याचा, नाद लागला. सरकारी परीक्षा देऊन त्यानें परवाना मिळविला, 'व्हीयू' या अक्षरांनीं सुरू होणारें संकेतनाम घेतलें, आणि नाशिकच्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर लांबच लांब तार ताणली. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं स्वारी कोणा अनोळखी माणसास साद घालीत बसे. घरांत प्रत्येकापाशीं मोबाइल असतां हा खटाटोप कशास, असें आम्हांस वाटे. २०१९ च्या उन्हाळ्यांत कुरडया वाळत घालतांना ती तार आड आली, वहिनींनीं तक्रार केली, आणि आम्हीं वडीलपणाच्या अधिकारांत ती उतरवावयास लाविली. मुलगा एक शब्दहि उलट बोलला नाहीं.

त्याच वर्षीं ४ ऑगस्टला गोदावरीस मोठा पूर आला. नाशिककरांचें पूर मोजण्याचें माप म्हणजे दुतोंड्या मारुती. तो पाण्याखालीं गेला. पण आमची खरी परीक्षा पुढेंच होती. त्याच आठवड्यांत कृष्णेनें सांगलीस वेढिलें. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी चढलें ५७ फुटांवर! आमच्या आक्का तेथेंच राहतात. त्यांचा फोन लागेना, शेजाऱ्यांचा लागेना. वीज गेली म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या कांहीं तासांतच संपतात, हें आम्हांस त्या दिवशीं उमगलें.

पुतण्यानें माळ्यावरची तार काढिली. शिडी आम्हीं स्वतः धरिली. त्याच्या यंत्रास मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी पुरते. आणि लघुलहरी वातावरणाच्या वरील विद्युद्भारित थरावरून परतून शेंकडों मैलांवर उतरतात. मधें ना मनोरा, ना केबल. संध्याकाळीं कोल्हापूरकडील एका हौशी गृहस्थांचा आवाज सांपडला. पुतण्यानें पत्ता एकेक अक्षर फोडून सांगितला. त्यांनीं तो तसाच परत वाचून दाखविला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं उत्तर आलें: "आक्का शाळेंत. सुखरूप. गोळ्या मिळाल्या. काळजी नसावी." पत्राच्या शेवटीं शेंकडों वेळां वाचलेले ते दोन शब्द, पण त्यांचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं कळला. वहिनींनीं देवापुढें साखर ठेविली.

पुढें आम्हीं या विषयाची थोडी माहिती मिळविली. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांत तारायंत्रें आणि टेलिफोन मुके झाले, तेव्हां अशाच हौशी लोकांनीं निरोप पोंचविले. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी आली त्या वेळीं भारती प्रसाद ही महिला आपल्या सोबत्यांसह अंदमानांत याच छंदापायीं गेलेली होती. तिच्या यंत्रावरून पोर्ट ब्लेअरचे निरोप मुख्य भूमीवर गेले. या सेवेबद्दल मोबदला घ्यावयाचा नसतो.

आम्हीं ज्यास रिकामटेकडी बडबड म्हणत होतों ती वस्तुतः तालीम होती. खरखरींतून क्षीण आवाज ओळखणें, थोडक्या शब्दांत बोलणें, दुसऱ्याचें बोलणें पुरें होईपर्यंत थांबणें, हें सारें पूर आल्यावर शिकतां येत नाहीं. शेवटचे दोन गुण तर आम्हां वडीलधाऱ्यांसहि शिकण्याजोगे आहेत.

चूक आम्हीं मुलापाशीं कबूल केली. तो हंसून म्हणाला, "काका, तार चार हात पूर्वेस सरकवली तर कुरडयांनाहि जागा होते." हें मे महिन्यांतच त्याला विचारलें असतें तर! पण तेव्हां आम्हीं विचारलेंच नव्हतें.