दोन दरवाज्यांची गाडी आणि पहिले साडेसातशे पौंड

जुन्या गाडीवर पहिला पैसा कशावर घालावा, या प्रश्नावर आमच्या घरात गेल्या वर्षी जेवढी चर्चा झाली, तेवढी घर घेतानाही झाली नव्हती. आम्ही नवरा-बायको मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले आणि गेली बावीस वर्षे बर्मिंगहॅममध्ये आहोत. थोरला मुलगा तेवीस वर्षांचा आहे. इलेक्ट्रिशियनचे काम शिकून तो नोकरीला लागला आणि पहिल्या दोन वर्षांच्या बचतीतून त्याने गाडी घेतली, २०१३ सालची टोयोटा जीटी८६. दोन दरवाजे, बुटकी, लाल रंगाची आणि हाताने गिअर टाकायची. नातेवाइकांना फोटो पाठवले तेव्हा पहिला प्रश्न सगळीकडून एकच आला: "मागे माणसं बसतात का?" बसतात, पण पाय घरी ठेवून यावे लागतात.

ही गाडी टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून बनवली आणि २०१२ मध्ये बाजारात आणली. इंजिन दोन लिटरचे. त्याचे चार सिलिंडर उभे नसून दोन-दोन करून समोरासमोर आडवे झोपवलेले आहेत, त्यामुळे वजन खाली राहते. ताकद २०० अश्वशक्ती, वजन साधारण साडेबाराशे किलो, आणि जोर मागच्या चाकांना. आजच्या हिशेबाने ताकद फार नाही. पण तेवीस वर्षांच्या मुलाच्या हातात २०० घोडे म्हणजे आईबापांची झोप उडायला पुरेसे आहेत.

हे लिहायचे कारण असे की गेल्या काही महिन्यांत मुंब्रा, पनवेल, कुवेत अशा ठिकाणांहून नात्यातल्या आईबापांचे आम्हाला फोन आले. सगळ्यांची तक्रार एकच. मुलाने जुनी गाडी घेतली आहे आणि आता तो तिला "काहीतरी करणार" आहे. हे "काहीतरी" बहुधा सायलेन्सरपासून सुरू होते.

आमच्याकडेही तेच होणार होते. इथे शनिवारी रात्री मोकळ्या पार्किंगमध्ये आणि मोठ्या रस्त्यांवर अशा गाड्या जमतात, वेग दाखवला जातो, टायरचा धूर काढला जातो. बर्मिंगहॅममध्ये अशा जमावांना न्यायालयाची मनाई आहे, तरी ते थांबलेले नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात आमच्या जवळच्या ओल्डबरीत अशाच एका जमावाच्या वेळी वेगात आलेली गाडी बघणाऱ्यांवर गेली. सोळा वर्षांची एक मुलगी आणि एकोणीस वर्षांचा एक मुलगा दगावले. ते दोघे गाडी चालवत नव्हते, नुसते उभे होते. त्या बातमीनंतर आमच्या भागातल्या कितीतरी घरांत मुलांच्या गाड्यांच्या किल्ल्या रात्री आईबापांच्या उशाखाली गेल्या. आमचा मुलगा कमावता आहे, गाडी त्याच्या पैशांची आहे, किल्ली काढून घेणे आम्हाला जमणारे नव्हते आणि ते बरेही दिसले नसते. मग आम्ही तिघे जेवणाच्या टेबलावर बसलो आणि एक बोली झाली. पहिल्या वर्षी गाडीवर ७५० पौंडांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. जे बदल करायचे ते शेजाऱ्यांना ऐकू येता कामा नयेत. आणि विमा कंपनीपासून काही लपवायचे नाही. त्याच्या बदल्यात आम्हीही दर रविवारी "विकून टाक" म्हणायचे बंद करायचे.

साडेसातशे पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने आपल्याकडचे सुमारे ८० हजार रुपये. गावच्या घराची कौले एवढ्यात शाकारून झाली असती, असे आमच्या अब्बांनी फोनवर ऐकवलेच. पण पुढे याच अब्बांचा या कामात मोठा हात लागला. ते तीस वर्षे बोटीवर इंजिन रूममध्ये होते. दोन दरवाज्यांची गाडी त्यांना पटत नाही, पण यंत्राची हेळसांड तर त्यांना मुळीच खपत नाही.

पहिला आणि सर्वांत मोठा खर्च टायरांचा झाला. विकणाऱ्याने टायर चांगले असल्याचे सांगितले होते, आणि कायद्याने पाहता ते खोटे नव्हते. इथे टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल लागते, ती ४ मिलिमीटर होती. पण टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या टायरवर ३२१५ होते, म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर जुने झाले की ते कडक होते आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही, नक्षी कितीही शिल्लक असो. वाचकांनी हे आकडे आपल्या गाडीवर, स्कूटरवर, मुलाला शाळेत नेणाऱ्या रिक्षावरही जरूर पाहावेत. पैसे पडत नाहीत, नुसते खाली वाकावे लागते. वाकल्यावर चारही टायरांचे आकडे बघा. आमच्याकडे पुढचे दोन एका कंपनीचे आणि मागचे दोन दुसऱ्याच कंपनीचे निघाले.

मुलाला रुंद टायर हवे होते. इथे या गाडीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी तिला मुद्दाम अरुंद आणि साधे टायर दिले होते, २१५/४५ आर १७ मापाचे. घरगुती मोटारींना बसतात त्या जातीचे. फार धरणारे टायर दिले तर गाडीची मजा घ्यायला फार वेगात जावे लागते. बेताच्या टायरांवर गाडी कमी वेगातच चालवणाऱ्याशी बोलू लागते, असा तो विचार. आम्ही दोघांनी हा मुद्दा उचलून धरला. मूळ मापाचे, पण पावसात चांगले धरणारे चार नवे टायर घेतले. बसवणावळीसह ४४० पौंड गेले. बर्मिंगहॅमचा पाऊस आपल्या कोकणातल्यासारखा कोसळत नाही, पण तो वर्षभर ठिबकत असतो आणि रस्ता कायम ओला. टायर बदलल्यावर पहिल्या ओल्या वळणावर मुलगा स्वतःच म्हणाला, "अम्मी, हीच गाडी आहे ना?" रुंद टायरांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

दुसरे काम ब्रेक ऑईलचे. हे बाहेरून अजिबात दिसत नाही, म्हणूनच ते राहून जाते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ जातीच्या ऑईलला उकळी फुटायला निदान २३० अंश सेल्सिअस लागतात. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की तीच उकळी १५५ अंशांवरही फुटू शकते. ब्रेक तापले, ऑईल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबले जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जाते. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना ट्रकच्या चाकांतून येणारा करपट वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना उतारावर ब्रेक किती तापतात हे वेगळे सांगायला नको. मुलाचे मित्र सुटीच्या दिवशी वेल्सच्या डोंगरांत जातात, तिथेही घाटच आहेत. जुने ऑईल काढून नवे भरायला ६० पौंड लागले. निघालेले ऑईल काळ्या चहासारखे होते. आमच्या मते दर दोन वर्षांनी हे करावेच, मग गाडी कोणतीही असो.

मग व्हील अलाइनमेंट, ८० पौंड. मागच्या जुन्या टायरांची आतली कड जास्त झिजलेली होती, म्हणजे चाके सरळ धावत नव्हती. यंत्रावरून निघालेला आधीचा आणि नंतरचा कागद मुलाने फ्रिजवर लावला आहे. तिथे पूर्वी धाकटीचे प्रगतिपुस्तक असायचे.

गिअरचे काम अब्बांनी सांगितले. थंडीत सकाळी गाडी काढली की दुसरा गिअर अडायचा, पाच-सात मिनिटांनी मोकळा व्हायचा. मुलगा व्हिडिओ कॉलवर दादाजानना हे सांगत होता आणि त्यांच्यापुढे आखूड दांडीच्या नव्या गिअर लिव्हरची किंमतही बोलून गेला. अब्बांनी एवढेच विचारले, "तेल कधी बदललंय?" कुणालाच माहीत नव्हते. सर्व्हिसच्या वहीत बारा वर्षांचे इंजिन ऑईलचे शिक्के होते, गिअरबॉक्सचा एकही नव्हता. इंजिनचे तेल सगळे बदलतात, गिअरबॉक्सचे आणि मागच्या डिफरेन्शियलचे कोणाच्या लक्षात राहत नाही. पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचेच तेल दोन्हीकडे भरून घेतले, मजुरीसह ११० पौंड. दुसरा गिअर पहिल्या सकाळीच बराचसा सुधारला. आखूड लिव्हरचा विषय निघाला की मुलगा आता "बघू" म्हणतो.

हौस म्हणून घेतलेली वस्तू एकच, गिअरची मूठ. मूळ मुठीपेक्षा जड, २८ पौंडांची. मूठ जड असली की तिच्या वजनानेच दांडी पुढे सरकते आणि गिअर हाताला मऊ लागतो. घेताना आटे जुळतात का ते पाहायचे; या गाडीला १२ मिलिमीटरचे, १.२५ च्या पेचाचे आटे लागतात. नुसत्या पोलादाची मूठ दिसायला देखणी असते, पण जानेवारीत ती बर्फाच्या लादीसारखी गार पडते. कातडे चढवलेली घ्यावी. हे आमच्यापैकी एकीचे म्हणणे होते आणि ते मानले गेले.

आवाजाचा प्रश्न मुलानेच सोडवला. एक दिवस बोनेट उघडून त्याने आम्हाला एक नळी दाखवली. इंजिनात हवा जाते त्या वाटेवरून निघून ती गाडीच्या आतल्या बाजूला जाते. कंपनीने ती मुद्दाम बसवली आहे, इंजिनाचा आवाज आत बसलेल्याला ऐकू यावा म्हणून. म्हणजे ज्याला ऐकायचा आहे त्याला तो ऐकू येतो आणि गल्ली झोपून राहते. त्यातून इथल्या कायद्याने मूळ सायलेन्सर बदलून गाडीचा आवाज वाढवता येत नाही, आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर वार्षिक तपासणीत गाडी नापास होते.

काही गोष्टींना आम्ही नाही म्हटले. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवणे स्वस्त आहे, पण आमच्या रस्त्यावर प्रत्येक शंभर पावलांवर गतिरोधक आहे. दिव्यांत बाजारातले एलईडी बल्ब घातले तर समोरच्याचे डोळे दिपतात, आणि साध्या हॅलोजन दिव्यांत असा बदल केलेली गाडी तपासणीतही नापास होते. पुढच्या बाजूच्या काचांतून निदान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, म्हणून काळी फिल्म नाही. या इंजिनाचा जोर मिनिटाला तीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान थोडा सैल पडतो, हे या गाडीच्या सगळ्या मालकांना ठाऊक आहे. त्यावर उपाय आहे, पण त्याला नवे पाइप लागतात, संगणकातली मांडणी बदलावी लागते, आणि खर्च आमच्या बोलीच्या कितीतरी पुढे जातो. तोवर एक गिअर खाली टाकावा, तो फुकट आहे.

एका गोष्टीवर आमचे एकमत झाले नाही. मुलाला पुढचे कंपनीचे चिन्ह काळे करायचे आहे. एकाला त्यात काही वावगे वाटत नाही, दुसरीला ते दुखवट्यासारखे दिसते. चिन्ह अजून चांदीचेच आहे.

विम्याबद्दल तरुण मुलांच्या आईबापांनी विशेष ध्यान द्यावे. या वयात हप्ता गाडीच्या किमतीकडे बघून हसावे की रडावे असा असतो, आणि तो वाढेल म्हणून मुले बदल सांगत नाहीत. अपघात झाल्यावर गाडीची तपासणी होते. न सांगितलेला बदल सापडला तर कंपनी भरपाई कमी करू शकते, काही वेळा नाकारूही शकते. समोरच्याचे नुकसान भरून दिले तरी ते नंतर आपल्याकडून वसूल करू शकते. आमच्या मुलाने मूठ घेण्याआधी फोन करून विचारले. नोंद झाली, हप्ता वाढला नाही. फोनवर वीस मिनिटे संगीत ऐकावे लागले, तेवढेच.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. तिकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे तुम्ही पाहिलीच असतील. पण टायर, ब्रेक ऑईल, गिअरचे तेल आणि अलाइनमेंट यांना तिकडेही कोणी अडवणार नाही, आणि पनवेलच्या भाच्याला आम्ही हेच सांगितले. त्याने आधी विचारले, "मामू, पण यात दिसणार काय?" त्याला म्हटले, टायरवरचे आकडे वाचून पाठव. त्याने पाठवले, २०१४ चे निघाले.

आमचा हिशेब ७१८ पौंडांवर थांबला आहे. उरलेल्या ३२ पौंडांत मुलाने पायाखालच्या मॅट घेतल्या, खटक्याने जमिनीला बसणाऱ्या, म्हणजे त्या सरकून पेडलखाली जाणार नाहीत. शनिवारी रात्री तो कुठे असतो, असे लोक विचारतात. बहुतेक वेळा घराबाहेर, डोक्याला टॉर्च लावून, बोनेटखाली. कधीकधी मित्रांबरोबर जातो आणि सांगून जातो.

पुढच्या वर्षीच्या यादीत पहिले नाव पुढच्या चाकांच्या खालच्या आर्मच्या रबरी बुशांचे आहे. बारा वर्षांत त्यांना भेगा पडल्या आहेत, मेकॅनिकने लिफ्टवर गाडी उचलून दाखवल्या. मार्चमध्ये वार्षिक तपासणी आहे, त्याआधी ते करून घ्यायचे. मेमध्ये अब्बा सहा महिन्यांसाठी येत आहेत. विमानतळावर याच गाडीने आणायला यायचे, असा त्यांनी नातवाला हुकूम सोडला आहे. पुढची सीट त्यांची. सामानासाठी दुसरी गाडी सांगावी लागेल, आणि मागे आमच्यापैकी कोणी बसायचे हे अजून ठरलेले नाही.