आमच्याच घरचे गाठोडे

अशोक विजयादशमी जवळ आली की आमच्या घरी माळा उतरवला जातो. दीड खोलीच्या घरात एवढे सामान मावले तरी कसे, हा प्रश्न दरवर्षी पडतो आणि उत्तर न शोधताच आम्ही अर्धे सामान पुन्हा वर चढवतो. उरलेले ‘कोणा गरिबाला देऊन टाकू’ म्हणून गाठोड्यात बांधतो. बंधू-भगिनींनो, या ‘देऊन टाकू’मध्ये देणे किती आणि टाकणे किती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. आमच्या विहारात पूरग्रस्तांसाठी कपडे-भांडी जमवायचे ठरले आणि नोंदवही आमच्याकडे आली. दोन दिवसांत अर्धे विहार भरले. लोकांचे मन मोठे, यात शंका नाही. पण गाठोडी सोडायला बसलो तेव्हा एकाच पायाची चप्पल निघाली, चेन तुटलेल्या पँटी निघाल्या, झाकण नसलेला कुकर निघाला. एका गाठोड्यातून पदर जळालेली, जागोजाग विरलेली साडी निघाली. ती आम्ही लगेच ओळखली. गाठोडे आमच्याच घरचे होते.

निवडायला बसलेल्या बायकांत एक वयस्कर उपासिका होत्या. सारी वस्ती त्यांना आक्का म्हणते. त्यांनी साडी उजेडात धरली आणि म्हणाल्या, “गावात आम्हाला असंच लुगडं मिळायचं बघा, पाटलिणीनं टाकलेलं. अंगाला लावलं की फाटायचं, पण उपकार वर्षभर ऐकवायची.”

आम्ही नोंदवहीत मान घालून बसलो. त्या दिवशी काही बोललो नाही. साडी तेवढी पिशवीत घालून घरी आणली.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले. आपल्या आईबापांनी उपास काढले, पण ते सोडले. म्हणून तर आज आपल्या माळ्यावर सामान साठते. त्याच घरांतून दुसऱ्याच्या दारी चिंध्या जाव्यात, हे पचेना.

त्याच वर्षावासात भन्तेजींनी चुल्लवग्गातील आनंदांची गोष्ट सांगितली. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार की काय, असे राजाला वाटले. त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींच्या गादीला खोळी, खोळींची बिछायत, बिछायतीची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकी फाटली की तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा इतका प्रसन्न झाला, की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. जन्मभर कारकुनी केलेल्या आम्हाला हा हिशेब फार आवडला. नवे दुसऱ्याला, जुने आपल्या घरात. आम्ही नेमके उलटे करीत होतो.

तेव्हापासून घरातला रिवाज बदलला. जे स्वतः अंगावर घालून विहारात जाऊ, तेच द्यायचे. तेही धुऊन, बटणे लावून, आणि घेणाऱ्याला काय हवे ते आधी विचारून. शाळेची पुस्तके परीक्षा संपताच द्यायची, अभ्यासक्रम बदलला असेल तर सरळ रद्दीत. बरे कपडे बोहारणीला दिले तरी हरकत नाही. तो तिचा धंदा आहे. मात्र एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस करू नये. विरलेल्या सुती साड्यांची वाकळ होते, टेरिकॉटच्या कपड्याने मात्र फरशीसुद्धा पुसली जात नाही.

भंगाराची गोष्ट वेगळी. आपण टाकतो ते निवडणाऱ्या बहुतेक आपल्याच आयाबहिणी असतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती त्यांचीच. ओल्या कचऱ्यात भिजलेल्या कागदाला भाव येत नाही आणि फुटकी काच उघडी टाकली तर हात त्यांचा कापतो. म्हणून काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी द्यावी. ट्यूबलाइट फोडू नये, आत पारा असतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे आणि आम्ल असते; नवी घेताना जुनी दुकानदाराला परत करावी, वर पैसेही मिळतात. बिघडलेले मोबाइल, चार्जर, रेडिओ यांसाठी २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकली आहे. अधिकृत संकलन केंद्र जवळ कुठे आहे, हे महापालिकेत विचारावे. आमच्या वस्तीमागे पोरे वायरी जाळून तांबे काढतात. तो काळा धूर त्यांच्याच छातीत जातो, आणि त्यातली एखादी वायर आमच्या माळ्यावरचीही असेल.

ती जळक्या पदराची साडी आम्ही पुढे आक्कांकडेच वाकळ शिवायला नेली. साडी कोणाची होती, तेही सांगून टाकले. त्यांनी चष्म्यावरून एकदा आमच्याकडे पाहिले. पंधरा दिवसांनी वाकळ घडी करून हातात दिली.

“जळका पदर आत दाबलाय, दिसायचा नाही,” त्या म्हणाल्या. “शिलाईचे दोनशे झाले.”